पेट्रोल पंपाची टाकी गळली तर: माती आणि विहिरी साफ करायचा नेमका क्रम

गळती कळली की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो, आणि तिथेच काम बिघडतं. टाकी उघडी पाडतात, वास मारणारी माती ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकतात, खड्ड्यात मुरूम भरून वर काँक्रीट करतात. पुढच्या मे महिन्यात शेजारच्या विहिरीत तवंग दिसतो. तेल सांडलं तिथे थांबत नाही. ते पाण्याच्या पातळीपर्यंत उतरतं आणि पातळीबरोबर वर-खाली होतं. खानदेशात ही पातळी पावसाळा ते उन्हाळा कित्येक मीटर हलते, म्हणून खणण्याआधी तेल आत्ता कुठे आहे आणि सहा महिन्यांनी कुठे असेल, हे कळायला हवं.

हा लेख पंपचालक, जिनिंग आणि क्रशरवर डिझेलची टाकी ठेवणारे, नगरपालिकेचे अभियंते आणि पंपाशेजारचे विहीरमालक यांच्यासाठी आहे. टाकी उघडणं, बोअर घेणं आणि दूषित माती हलवणं ही परवाना असलेल्या, प्रशिक्षित एजन्सीची कामं आहेत. ती योग्य क्रमाने होतायत की नाही, हे तुम्हाला कळावं एवढंच इथे बघायचं आहे.

१. गळती खरी आहे का?

स्टॉकमध्ये तूट दिसली म्हणजे टाकी फुटली असं नाही. पेट्रोल दर अंश सेल्सिअसला साधारण ०.१२ टक्का आकसतं किंवा फुगतं. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशाला आलेलं १२,००० लिटर पेट्रोल जमिनीखाली ३० अंशाला निवलं, तर डिपमध्ये (टाकीत पट्टी बुडवून घेतलेल्या मापात) सुमारे ११५ लिटर कमी भरतं आणि थेंबही सांडलेला नसतो. त्यामुळे डिपबरोबर तापमान आणि डेन्सिटी लिहिल्याशिवाय तुटीचा हिशोब मांडू नका.

खरी गळती वेगळी दिसते. रात्री विक्री बंद असताना पातळी उतरत राहते, आणि तूट रोज एकाच दिशेला जाते. डिस्पेन्सर चालू असतानाच तूट वाढत असेल तर आधी पाइप, जोड आणि डिस्पेन्सरखालचा खड्डा तपासा. बऱ्याच वेळा दोष टाकीच्या पत्र्यात नसून तिथेच असतो. टाकीची आणि लाइनची चाचणी वेगवेगळी करून घ्या. पेट्रोलच्या टाकीत कॉम्प्रेसरची हवा भरून ‘टेस्ट’ घेणारा कुणी आला तर त्याला परत पाठवा. ही चाचणी नायट्रोजनवर, कमी दाबाने आणि जाणकार माणसानेच करायची असते.

टाकीत पाणी सापडणं हीसुद्धा गळतीची खूण आहे, कारण भूजलाची पातळी वर आली की त्याच भोकातून पाणी आत येतं. मात्र २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये पाणी इथेनॉलला ओढून घेतं आणि दोघांचा मिळून तळाशी वेगळा थर होतो. जुनी वॉटर पेस्ट तो थर नीट दाखवत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठीची पेस्टच वापरा.

*तपासा:* विहिरीवर तवंग दिसला तर काठीने ढवळून बघा. तुकडे पडून ते तसेच अलग राहिले तर बहुधा लोहजिवाणूंचा थर आहे. रंगीत पट्टे फिरून लगेच जुळले तर तेल समजा.

२. पहिल्या दिवशी आग आणि पिण्याचं पाणी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती गटारात, केबलच्या नळीत, तळघरात आणि विहिरीत उतरून साचते. हवेत १.४ टक्का वाफ झाली की पेट घेण्याइतकं मिश्रण तयार होतं. म्हणून पहिल्या तासात हे करा:

- गळकी टाकी किंवा लाइन बंद करा, त्या भागाची वीज पंपापासून दूर असलेल्या मुख्य स्विचवरून तोडा.
- गॅस मीटरने गटारं, मॅनहोल, शेजारची तळघरं तपासा. स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (म्हणजे वरच्या १.४ टक्क्याच्या) १० टक्क्यांवर आकडा गेला की माणसं हलवा आणि अग्निशमन दलाला बोलवा.
- जवळच्या विहिरींच्या मोटारी बंद ठेवायला सांगा. आधीच वाफ साचली असेल तर त्या विहिरीच्या स्टार्टरला हातही लावू नका.

> इशारा: वास येणाऱ्या विहिरीत कुणालाही उतरू देऊ नका, ‘मोटार बघून येतो’ म्हणणाऱ्याला तर अजिबात नाही. साध्या गॅस मीटरला ज्वलनशील वाफ मोजायला प्राणवायू लागतो. तो कमी असलेल्या विहिरीत मीटर फसवा, कमी आकडा दाखवू शकतो. आधी प्राणवायू मोजा. तो १९.५ टक्क्यांखाली असेल तर आत जाणं जिवावर बेतू शकतं.

मग पाणी. संशय असलेली विहीर किंवा हातपंप पिण्यासाठी लगेच बंद करा आणि टँकर सुरू करा, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली बेंझीनची (पेट्रोलमधल्या विषारी घटकाची) मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. पेट्रोलमध्ये बेंझीन १ टक्का धरला तर एका लिटरमधला बेंझीन हिशोबाने आठ लाख लिटरहून जास्त पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. विहिरीत टीसीएल पावडर किंवा तुरटी टाकून बेंझीन जात नाही. घरात पाणी उकळलं तर तो वाफेने स्वयंपाकघरात पसरतो. गुरांनाही हे पाणी देऊ नका.

त्याच दिवशी तेल कंपनी, पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था), महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय आणि तहसीलदार यांना लेखी कळवा. २०२५ पासून दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्रीय नियम लागू झाले आहेत आणि प्रदूषण करणाऱ्याने खर्च भरावा हेच त्यांचं सूत्र आहे. लपवून ठेवलेली गळती नंतर जास्तच महाग पडते.

३. टाकी रिकामी करा, पण उपटू नका

उरलेलं इंधन अर्थिंग केलेल्या टँकरमध्ये काढा. तळाचा गाळ वेगळ्या ड्रममध्ये भरा, तो घातक कचऱ्यात मोडतो. नंतर टाकी वायुमुक्त करून जाणकाराचं तसं प्रमाणपत्र घ्या. ते हातात येईपर्यंत कटर, ग्राइंडर, वेल्डिंग काहीही नको. ‘रिकामी’ टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

टाकी लगेच बाहेर काढायची घाई नको. खड्डा उघडा पडला आणि पाऊस आला तर तोच खड्डा शोषखड्डा होतो, तेल आणखी खाली ढकललं जातं. जून तोंडावर असेल तर वर ताडपत्री, कडेने बांध, आणि खणणं पावसाळ्यानंतर.

४. पायाखालची जमीन ओळखा

बाहेरच्या एजन्सीचे आराखडे हमखास इथे चुकतात. खानदेशात एकच जमीन नाही.

तापीच्या उत्तरेला चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात नदीचा जाड गाळ आहे. त्यात वाळू, रेती आणि पिवळी चिकण माती यांचे थर आलटून-पालटून येतात. पाणी खोल असतं. तेल चिकण मातीच्या थरावर अडकून आडवं पसरतं आणि दूरवर खाली उतरायला फट शोधतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गोटे-वाळूत, बझाडा पट्ट्यात, ते सरळ खाली जातं आणि वर वास फारसा राहत नाही.

पारोळा, एरंडोल, चाळीसगाव, साक्री इकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. काळी माती ओली असताना तेलाला अडवते, पण उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि तेल त्यातून थेट मुरमात उतरतं. पाषाणात तेल फटींतून जातं, त्यामुळे वीस मीटरवरची विहीर स्वच्छ आणि दोनशे मीटरवरची खराब, असं होऊ शकतं. धुळे-नंदुरबारकडे जमिनीत उभ्या भिंतींसारखे डाइक आहेत. काही पाण्याला अडवतात, काही फुटलेले असल्याने पाट होतात. नकाशावर आधी ते काढा.

पाण्याची दिशा फक्त उतारावरून ठरवू नका. मार्च ते मे केळीच्या बागेची मोटार तासन्‌तास चालते आणि तेल उताराच्या उलटही ओढते. शिरपूर पॅटर्नने खोल केलेला नाला जवळ असेल तर पावसाळ्यानंतर तिथून पाणी जमिनीत मुरतं आणि दिशा पुन्हा बदलते.

*करा:* पंपाभोवती ५०० मीटरमधल्या सगळ्या विहिरी, बोअर आणि हातपंप यांची यादी करा: खोली, पाण्याची पातळी, मोटारीची ताकद, वापर. शेतीफिडरची वीज येण्याआधी पातळी मोजा, म्हणजे मोटारी थांबून बराच वेळ झालेला असेल. वीज चालू असताना घेतलेले आकडे दिशा चुकीची दाखवतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदीही मागवा. पातळी वर्षभरात किती हलते ते त्यातून कळतं.

५. निरीक्षण बोअर

दिशा काढायला कमीत कमी तीन बोअर लागतात आणि ते एका रेषेत नसावेत. एक पंपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे भूजल जिकडून येतं त्या बाजूला, स्वच्छ तुलनेसाठी. बाकीचे टाकीलगत आणि धोक्यातल्या विहिरीच्या वाटेवर.

बांधणीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे जाळीचा, म्हणजे फटी पाडलेल्या पाइपचा, चुकीचा टप्पा. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून जाळी पाण्याच्या पातळीच्या दोन्ही बाजूंना हवी. पातळी ऑक्टोबरात ६ मीटरवर आणि मेमध्ये १२ मीटरवर जात असेल, तर साधारण ५ ते १४ मीटर जाळी द्या. तीन मीटरच्या ठरावीक जाळीत वर्षातले सहा महिने तेल सापडतच नाही आणि अहवालात ‘तेल नाही’ असं लिहून येतं. जाळीभोवती धुतलेली बारीक खडी, तिच्यावर निदान अर्धा मीटर बेंटोनाइट (पाण्याने फुगून फटी बुजवणारी माती), वर सिमेंट ग्राउट (पातळ सिमेंटचा भराव) आणि कुलूपबंद झाकण.

> इशारा: पाषाणात तेलाच्या थरातून सरळ खोल बोअर मारू नका. दोन लाव्हाथरांमधला लाल मातीचा पट्टा बऱ्याच ठिकाणी खालच्या पाण्याला झाकून असतो. तो फोडला तर वरचं तेल तुम्ही स्वतःच खालच्या पाण्यात सोडता. खोल जायचंच असेल तर आधी वरचा भाग केसिंग आणि ग्राउटने बंद करून मगच पुढे जा.

६. मोजणी आणि नमुने

तेल आणि पाणी वेगळं ओळखणारा प्रोब वापरा. तेल असलेल्या बोअरमध्ये दिसणारी पाण्याची पातळी तेलाच्या वजनाने खाली दबलेली असते, ती दुरुस्त करावी लागते. उदाहरणार्थ, पेट्रोल ९.०० मीटरवर आणि पाणी ९.४० मीटरवर लागलं, तर तेलाची जाडी ०.४० मीटर. तिला पेट्रोलच्या सापेक्ष घनतेने, म्हणजे ०.७५ ने गुणलं की ०.३० मीटर. खरी पातळी ९.४० वजा ०.३०, म्हणजे ९.१० मीटर. डिझेलसाठी ०.८३ घ्या. ही दुरुस्ती विसरली की प्रवाहाची दिशा उलटी निघू शकते. आणि बोअरमध्ये दिसतं तेवढं जाड तेल जमिनीत नसतं.

पाण्याचा नमुना घेण्याआधी बोअरमधलं साचलेलं पाणी तीनपट उपसा. १०० मिमी आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये मीटरमागे ७.८५ लिटर पाणी असतं. सहा मीटर पाणी असेल तर ४७ लिटर, तिप्पट म्हणजे १४१ लिटर. हे पाणी गटारात न सोडता ड्रममध्ये भरा.

बेंझीनसाठी ४० मिलीच्या काचेच्या कुप्या लागतात. आत आधीच आम्ल घातलेलं असतं, म्हणून कुपी विसळायची नाही. पाणी हळू, काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा. बुडबुडा दिसला तर नमुना बाद, नवी कुपी घ्या. तिथून ४ अंशाला, बर्फाच्या पेटीत. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दोन तास पडलेली कुपी प्रयोगशाळेला न पाठवलेलीच बरी. बिसलेरीच्या बाटलीत भरलेला नमुना कुठल्याच उपयोगाचा नाही. चौदा दिवसांच्या आत तपासणी व्हावी, आणि प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असावी.

मातीसाठी दर मीटरला थोडी माती पिशवीत बंद करून पीआयडी मीटरने वाफ मोजतात. पेट्रोलसाठी ते ठीक आहे. डिझेल कमी उडतं, त्यामुळे भिजलेली मातीसुद्धा कमी आकडा दाखवते. तिथे पारदर्शक बरणीत माती आणि पाणी हलवून तवंग येतो का ते बघा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

७. तरंगतं तेल आधी काढा

बोअरमध्ये तेलाचा थर असेपर्यंत माती किंवा पाण्यावर दुसरा इलाज करून उपयोग नाही. थर पातळ असेल तर तेल शोषणाऱ्या नळ्या किंवा हाताने बेलर (दोरीने सोडून उपसायची नळी), जास्त असेल तर फक्त वरचं तेल ओढणारा, हवेवर चालणारा स्किमर पंप.

शेतातली पाच एचपीची सबमर्सिबल टाकून ‘एकदाचं उपसून टाकू’ हा मोह आवरा. ठिणगीचा धोका आहेच. शिवाय पातळी झटक्यात खाली गेली की तेल खालच्या कोरड्या खडकाला आणि वाळूला लिंपलं जातं आणि तिथून ते निघत नाही. पंपात तेल-पाणी घुसळून दुधासारखं होतं, ते वेगळं करायला आणखी खर्च.

पावसाळ्यात पातळी वर आली की तेल मातीच्या कणांमध्ये पाण्याखाली अडकतं आणि बोअरमध्ये दिसेनासं होतं. ऑगस्टमध्ये कंत्राटदार ‘तेल संपलं’ म्हणून बिल मांडतो, मार्चमध्ये पातळी उतरली की तेच तेल परत येतं. मे महिन्याची मोजणी झाल्याशिवाय हा टप्पा पूर्ण धरू नका.

८. मातीचं काम

पेट्रोल, आणि जमीन मुरूम किंवा वाळूची असेल तर मातीतली वाफ ब्लोअरने ओढून काढणं उत्तम. मोटार ज्वालारोधक हवी आणि बाहेर पडणारी हवा वाफ शोषणाऱ्या कार्बनमधून जायला हवी. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचा काळ यासाठी सोन्यासारखा, कारण पातळी खाली गेल्याने लिंपलेला थर हवेला उघडा पडतो. मात्र वरच्या काळ्या मातीच्या भेगांतून हवा सरळ आत शिरली तर खालून काहीच ओढलं जात नाही, त्यामुळे पृष्ठभाग आधी लायनरने झाका. कार्बनच्या टाकीचं तापमान रोज बघा. दाट वाफेने कार्बन तापतो आणि पेटूही शकतो.

डिझेल असेल, किंवा दूषित भाग उथळ आणि छोटा असेल, तर खणणं योग्य. भिंतींना आधार द्या, भिंती आणि तळ यांचे नमुने घ्या, निकाल आल्यावरच मुरूम भरा. दूषित माती वीटभट्टीला, रस्त्याच्या भरावाला किंवा शेताच्या बांधाला देणं बेकायदा आहे. ती २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह) तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्रात जाते.

प्रदूषण मंडळाने परवानगी दिली तर डिझेलची माती जागेवरच ढीग लावून जिवाणूंकडून साफ करता येते. जाड एचडीपीई प्लास्टिकच्या लायनरवर दीड मीटर उंच ढीग, आत छिद्रं पाडलेले हवेचे पाइप, वर झाकण, कडेने निचरा गोळा करणारी चारी. कर्ब, नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण १००:१०:१ धरतात. ५० टन माती, म्हणजे तीन हायवा, आणि किलोमागे ५,००० मिलिग्रॅम डिझेल असेल तर एकूण तेल २५० किलो, त्यातला कर्ब साधारण २१० किलो. म्हणजे नत्र २१ किलो आणि स्फुरद २ किलो. बाजारातल्या खतात ते १० किलो डीएपी आणि ४२ किलो युरिया, जवळजवळ एक गोणी. हे एकदम टाकू नका, तीन-चार हप्त्यांत द्या. आपली माती मुळात विम्लधर्मी असल्याने जास्त युरियाचा अमोनिया होतो आणि जिवाणूच मरतात. ओल मुठीवर तपासा: माती दाबली की लाडू व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. उन्हाळ्यात ढीग आठवड्याला सुकतो आणि सुकला की काम थांबतं.

साबण किंवा डिटर्जंटने माती धुण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तेल पाण्यात मिसळून आणखी दूर जातं.

९. भूजल

पाणी उपसून तेल-पाणी विभाजक, हवेचा मनोरा (पाण्यातून हवा सोडून वाफ काढणारा) आणि कार्बन यांतून काढणं हा खात्रीचा, पण लांबणारा मार्ग. त्याचा मुख्य उपयोग तेलकट पाणी गावच्या विहिरीकडे जाऊ न देणं हा आहे. जमिनीत हवा सोडण्याची पद्धत वाळूत चालते. भेगाळ पाषाणात आणि घरांजवळ ती नको, वाफ कुठे निघेल सांगता येत नाही. तीव्र रासायनिक ऑक्सिडंट तरंगत्या तेलावर तर कधीच टाकू नका, उष्णता आणि वायू होऊन स्फोट होऊ शकतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलात आणखी एक गोष्ट घडते. जिवाणू आधी इथेनॉल खातात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात, त्यामुळे बेंझीन जास्त काळ टिकतो आणि लांब जातो. प्राणवायू संपल्यावर मिथेन तयार होतो, म्हणून गळतीनंतर काही महिन्यांनीही बोअरचं झाकण उघडताना मीटर लावा.

१०. कधी थांबायचं

यंत्रणा बंद केल्यावर काही महिन्यांत आकडे पुन्हा चढतात, कारण चिकण मातीत आणि बारीक फटींत अडकलेलं तेल हळूहळू सुटतं. म्हणून बंद केल्यानंतर निदान पूर्ण एक वर्ष, दर तिमाहीला नमुने घ्या. त्यात मेचा आणि ऑक्टोबरचा नमुना असलाच पाहिजे. एका वर्षी पाऊस कमी झाला असेल तर दुसरं वर्षही धरा. शेजारच्या विहिरी सलग स्वच्छ आल्यावरच पिण्याच्या वापराचा निर्णय आरोग्य विभागाकडून लेखी घ्या.

शेवटी निरीक्षण बोअर तसेच सोडू नका. झाकण तुटलेला बोअर म्हणजे रस्त्यावरचं सांडलेलं डिझेल थेट भूजलात नेणारी नळी. पाइप काढता आला तर काढा, नाहीतर तळापासून वरपर्यंत सिमेंट-बेंटोनाइटचं ग्राउट नळीने खालून वर भरा. वरून ओतलं तर मध्ये पोकळी राहते. प्रत्येक बोअरची जागा, खोली आणि बुजवल्याची तारीख नकाशावर लिहून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.